मुलींस मैदान बंद, तर मंडळासही मैदान बंद!

वाचकहो, घरांतल्या लेकीला उंबऱ्याआड कोंडून बाप गांवच्या चावडीवर पंच म्हणून मिरवूं लागला, तर त्याला पंचाची जागा द्यावी काय? आमचें उत्तर एका शब्दांत आहे: नाहीं. हाच प्रश्न आज जगाच्या चावडीवर क्रिकेटच्या रूपानें आला आहे, आणि तेथले पंच मात्र खालीं माना घालून सुपारी कातरीत बसले आहेत. खेळ ही रिकामटेकड्यांची चैन, नांगर-हातोड्याच्या धन्यास तिच्याशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. ज्याच्या घरीं लेक आहे, त्यानें हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

हकीकत अशी. काबूल शहर १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबानांच्या हातीं गेलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, नोव्हेंबर २०२० मध्यें, अफगाण क्रिकेट मंडळानें २५ मुलींशीं करार केले होते. राज्य पालटतांच त्या मुलींवर देश सोडण्याची पाळी आली. बहुतेक ऑस्ट्रेलियांत जाऊन राहिल्या. मागें राहिलेल्यांचें काय झालें? सप्टेंबर २०२१ पासून सहावीच्या पुढें मुलींची शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्यें विश्वविद्यालयांची दारें बंद. डिसेंबर २०२४ मध्यें सुइणीचें व परिचारिकेचें शिक्षणही बंद. परपुरुष वैद्यानें बाळंतिणीस हात लावण्यास जेथें घरोघर हरकत, तेथें बाईनें सुईणपणही शिकूं नये! मग अडलेल्या माउलीनें काय करावें? मरावें, एवढाच याचा अर्थ.

याच काळांत त्या देशाचा पुरुषांचा संघ जगभर खेळत राहिला. जून २०२४ मध्यें तो विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. २६ फेब्रुवारी २०२५ रोजीं लाहोरास त्यानें इंग्लंडला ८ धावांनीं हरविलें. त्या पोरांच्या खेळास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. लढाईनें उजाड झालेल्या मुलखांतून येऊन त्यांनीं एवढी मजल मारली, याचें आम्हांस कौतुकच आहे. आमचें भांडण खेळाडूंशीं नाहीं. तें मंडळाशीं आहे, आणि त्या मंडळाला पाटावर बसविणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेशीं आहे.

आतां या परिषदेच्या कैवाऱ्यांचे आक्षेप एकेक घेऊं.

पहिला आक्षेप, खेळांत राजकारण आणूं नका. वा! जुलै २०१९ मध्यें झिंबाब्वेचें आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें श्रीलंकेचें सभासदत्व याच परिषदेनें तहकूब केलें होतें. कारण काय, तर सरकारनें मंडळाच्या कारभारांत हात घातला. सरकारनें खुर्चीवरचीं चार माणसें हलविलीं तर तो हस्तक्षेप, आणि सरकारनें बायकांचा अख्खा खेळ पुसून टाकला तर तो घरचा मामला! खुर्चीला धक्का लागला कीं नियम खडबडून जागा होतो, मुलींना धक्का लागला कीं कूस बदलून पुन्हां झोपतो. पूर्ण सभासदानें बायकांचा खेळही चालवावा, ही अपेक्षा परिषदेच्या आपल्याच नियमांत आहे. अफगाण मंडळ जून २०१७ मध्यें पूर्ण सभासद झालें, तें या बोलीवरच. बोली मोडली, पण वांटा चालूच राहिला. आमच्या बाजारांत असा सौदा करणाऱ्यास लोक काय म्हणतात, तें आम्ही सांगावयास नको.

आणि खेळ सोंवळा आहे, हें आम्हांस कोणीं सांगूं नये. पालवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज हिंदूंच्या संघांत होता; चेंडू त्याच्या हातचा चाले, पण चहा त्याला तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यांत मिळे. त्यांचेच बंधु विठ्ठल १९२३ मध्यें त्या संघाचे कप्तान झाले, ते कोणाच्या कृपेनें नव्हे, तर लोकांनीं अन्याय बोलून दाखविला म्हणून. मुकाट बसण्यानें मैदान कधीं कोणास मोकळें झालें आहे?

दुसरा आक्षेप, तो त्यांचा धर्म आहे. मग पाकिस्तानच्या मुली क्रिकेट खेळतात, त्या कोणत्या धर्माच्या? जून २०१८ मध्यें क्वालालंपूरला बांगलादेशाच्या मुलींनीं आपल्या भारताच्या संघास हरवून आशिया चषक नेला, त्या कोणत्या धर्माच्या? धर्म पुढें करून बाईस विद्या नाकारण्याची युक्ति आम्ही पुरती ओळखून आहों. १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां धर्म बुडाला अशीच हाकाटी झाली होती. धर्म कोठें बुडाला? बुडूं लागली ती कांहीं लोकांची मिरास. काबुलांतही भीति मिराशीचीच आहे.

तिसरा आक्षेप, बंदीनें काय होतें? दक्षिण आफ्रिकेस विचारा. वर्णभेदापायीं १९६४ मध्यें तिला टोकियोच्या ऑलिंपिकचें दार बंद झालें, १९७० मध्यें तिला ऑलिंपिक मंडळींतून काढलें, क्रिकेटचेंही मैदान त्याच वर्षीं तुटलें. १९७४ मध्यें डेव्हिस चषकाचा अंतिम सामना भारतानें तिच्याशीं खेळण्याचें साफ नाकारलें व चषक हातचा सोडला. वर्णभेदाचें राज्य बंदीनेंच पडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. तें पाडलें तेथल्या काळ्या लोकांच्या लढ्यानें. पण जुलमी सरकारास जगाच्या टाळ्या मिळेनाशा झाल्या, हेंही लढणाऱ्यांस थोडें बळ नव्हतें. सौदी अरबस्तान, कतार व ब्रुनेई यांनीं ऑलिंपिकला पहिल्यानें बायका पाठविल्या त्या २०१२ मध्यें लंडनला, आणि त्यासाठीं ऑलिंपिकच्या चालकांना बराच रेटा लावावा लागला. इराणांत फुटबॉलच्या मैदानांत शिरण्याचा प्रयत्न केला म्हणून खटल्यांत सांपडलेल्या एका तरुणीनें सप्टेंबर २०१९ मध्यें स्वतःस जाळून घेतलें. मग जागतिक फुटबॉल संघटनेनें डोळे वटारले, आणि पुढच्याच महिन्यांत तेहरानच्या मैदानांत कांहीं हजार बायका बसल्या. रेटा लागला तेथें दार किलकिलें झालें.

खुद्द अफगाणिस्तानास ऑलिंपिकनें १९९९ मध्यें बाहेर ठेवलें होतें. त्यानें तालिबान हालले नाहींत, हें खरें. ते २००१ मध्यें युद्धानें गेले. पण तो देश २००४ मध्यें अथेन्सला परत आला, तो दोन मुली बरोबर घेऊन आला.

चौथा आक्षेप मात्र वजनाचा आहे. वाळीत टाकणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांइतकें कोणास कळणार? भावकीनें पाणी तोडलें कीं मरतें तें गरिबाचें पोर. मग सरकारच्या पापाचें प्रायश्चित्त खेळाडूंनीं कां घ्यावें? रशीद खान या त्यांच्या नामांकित गोलंदाजानें डिसेंबर २०२४ मध्यें मुलींच्या वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूनें उघड तोंड उघडलें. तशा माणसास घरीं बसवावयाचें काय? नाहीं. पण वाळीत कोण पडलें आहे, तें आधीं पाहा. वाळीत पडल्या आहेत त्या मुली. आम्ही वाळीत टाकणाऱ्यास पंगतींतून उठवा म्हणतों.

वाट दिसत नाहीं असें नाहीं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें अफगाणिस्तानचे तीन पुरुष व तीन बायका खेळल्या, आणि तालिबानच्या एकाही अधिकाऱ्यास परवाना मिळाला नाहीं. २०२५ मध्यें फुटबॉलवाल्यांनीं परागंदा अफगाण मुलींचा संघ उभा करून मोरोक्कोंत सामने खेळविले. मग क्रिकेटच्या पंचांचेच हात कोणीं बांधले आहेत? अफगाण मंडळाचें सभासदत्व तहकूब करावें. त्याचा पैशाचा वांटा राखून त्यांतून परदेशीं राहिलेल्या मुलींचा संघ चालवावा. पुरुष खेळाडूंस परिषदेच्या निशाणाखालीं खेळूं द्यावें. आणि मुलींचें मैदान उघडेल त्या दिवशीं मंडळास परत घेऊं, असें लिहून द्यावें. एप्रिल २०२५ मध्यें परिषदेनें या मुलींसाठीं मदतनिधि जाहीर केला, तें बरें केलें. पण भीक म्हणजे वांटणी नव्हे.

एकेकट्या देशाच्या रुसव्यानें हें होणार नाहीं. ऑस्ट्रेलियानें २०२१ मध्यें होबार्टचा कसोटी सामना सोडला, २०२३ च्या मार्चांतली मालिका सोडली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईस विश्वचषकांत त्याच संघाशीं तो खेळला. घरीं जेवावयास बोलवावयाचें नाहीं, पण लग्नाच्या पंगतींत मांडीला मांडी लावून बसावयाचें! नियम करावा तो साऱ्या परिषदेनें. तिचें अध्यक्षपद १ डिसेंबर २०२४ रोजीं भारतीय गृहस्थाकडे आलें, आणि पैशाचें बळही भारताचें. तेव्हां जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

हें मागतांना आपला उंबरठाही झाडून घेतला पाहिजे. भारताच्या क्रिकेट मंडळानें बायकांचा खेळ आपल्या पदराखालीं घेतला तो २००६ मध्यें. सामन्याचें मानधन पुरुषांइतकें करण्याचें ठरविलें तें ऑक्टोबर २०२२ मध्यें. आम्ही खेड्यांतले मास्तर रोज पाहतों: पोर सातवींत गेली कीं लंगडी, खो-खो बंद, आणि डोक्यावर हंडा चालू. तालिबानास नांवें ठेवणाऱ्या बापानें संध्याकाळीं आपल्या पोरीस तासभर मैदानांत धाडावें. मग त्याच्या बोलण्यास वजन येईल.

२ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारताच्या मुलींनीं विश्वचषक जिंकला. समोर कोण होतें? दक्षिण आफ्रिका, एके काळीं बाहेर बसविलेला, आणि सुधारल्यावर मानानें परत घेतलेला देश. बंदी कायमची नसते. पण ती आधीं घालावी लागते.