शब्द आधी कानावर पडू द्या

गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात बाष्पीभवन शिकवताना मी ओघात एक इंग्रजी वाक्य बोलून गेलो. ड्राउटच्या काळात उघड्या तलावातले पाणी केवळ बाष्पीभवनानेही बरेच कमी होते, असा त्याचा अर्थ. तास संपल्यावर सहज काही वह्या चाळल्या. एका विद्यार्थ्याने 'ड्राउट'च्या जागी 'डाउट' लिहिले होते. दुष्काळाच्या जागी शंका!

हा मुलगा मठ्ठ नव्हता. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागातला, लहानपणी टँकरमागे हंडा घेऊन धावलेला. मी त्याला विचारले, "दुष्काळाला इंग्रजीत काय म्हणतात?" त्याने क्षणाचाही विलंब न लावता डी-आर-ओ-यू-जी-एच-टी अशी अक्षरे म्हणून दाखविली. "आणि उच्चार?" तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "ड्रॉघट, सर." दहावीपर्यंत त्याने हा शब्द अनेकदा लिहिला होता, त्याचे गुणही मिळविले होते. मात्र तो शब्द उच्चारलेला त्याने कधी ऐकलाच नव्हता. साऱ्या वर्गात दुष्काळाविषयी सर्वांत अधिक सांगू शकणारा मुलगा त्या तासाला गप्प बसून होता, तो एवढ्यासाठी.

पर्यावरणाच्या इंग्रजी शब्दांपैकी कितीतरी शब्दांची आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांशी ओळख अशीच अर्धवट झालेली असते. शब्दांची यादी फळ्यावर लिहायची, समोर मराठी अर्थ द्यायचा, मुलांनी ती उतरवून घ्यायची आणि घोकायची, ही आपली पद्धत. मराठीपुरते हे चालून जाते. 'चहा' आणि 'चमचा' यांतल्या 'च'सारखे थोडे अपवाद सोडले तर आपण लिहितो तसेच बोलतो. त्यामुळे मूल अक्षरांवर विश्वास टाकते, आणि इंग्रजी तो विश्वास पाळत नाही. सांडपाण्याला असलेला 'स्यूएज' हा शब्द मुले 'सेवेज' असा वाचतात, 'स्पीशीज'चे 'स्पेसीज' करतात, काजळीच्या 'सुट'चा 'सूट' होतो. पुढे हाच शब्द बातम्यांत किंवा महाविद्यालयातल्या व्याख्यानात ऐकू आला, की तो ओळखीचा वाटत नाही. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असा मुलाचा समज होतो. खरे म्हणजे तो विषय त्याच्या अंगणातला असतो!

म्हणून माझे मत असे, की हे शब्द मुलांना आधी ऐकवावेत आणि मग दाखवावेत. अर्थात त्याहीआधी मराठी शब्द आणि ती वस्तू मुलांना ठाऊक हवी. प्रदूषण म्हणजे काय हे ज्याला मराठीत समजलेले नाही, त्याला 'पोल्यूशन' ऐकवून काय साधणार?

आता मी भौतिकशास्त्राचा माणूस, तेव्हा कानाकडे थोडे त्या नजरेने पाहू. बोलण्यातील स्वरांची बहुतेक ऊर्जा १००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते. 'स'सारख्या व्यंजनाची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर. स्वर दणदणीत, तर अशी व्यंजने दुबळी. जुना टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे. म्हणूनच त्यावर नाव सांगताना 'एस' की 'एफ' असा घोळ हमखास व्हायचा. शब्दाचा अर्थ मात्र पुष्कळदा या दुबळ्या व्यंजनांवरच अवलंबून असतो. मिलर आणि नाइसली या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५५ साली १६ इंग्रजी व्यंजने गोंगाटात ऐकवून कोणते कशाशी मिसळते ते तपासले. 'म' आणि 'न' हे नाकातले आवाज आहेत एवढे श्रोत्यांना गोंगाटातही कळत होते. पण त्यांतला नेमका कोणता, येथे मात्र गफलत होत होती. 'ग्लोबल वॉर्मिंग'चे 'ग्लोबल वॉर्निंग' लिहिणारा विद्यार्थी तुम्हीही पाहिला असेल. त्याला रागावण्यापूर्वी तो कोणत्या बाकावर बसतो ते पाहा.

समजा, शिक्षकांचा आवाज १ मीटरवर ६५ डेसिबल आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८ मीटरवर तो ४७ डेसिबल उरतो. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने तो इतका उतरत नाही, पण परावर्तित आवाज मागाहून येऊन व्यंजने पुसट करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे तास चालू असताना वर्गातील इतर आवाज ३५ डेसिबलहून अधिक नसावा. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळेभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, आणि रस्त्यालगतच्या शाळेत तीही पाळली जात नाही. वर डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मागच्या बाकावर 'नॉइज पोल्यूशन' हा शब्द पोहोचत नाही, त्याचे कारण नॉइज पोल्यूशन!

ऐकवायचे कसे, हा प्रश्न उरतो. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीने १९५९ साली 'स्पेशल इंग्लिश' नावाने बातम्या सुरू केल्या होत्या. सुमारे १५०० शब्दांचा साठा, आखूड वाक्ये, आणि नेहमीच्या सुमारे दोन-तृतीयांश गतीने वाचन. पुस्तक हाती नसताना जगभरच्या श्रोत्यांनी रेडिओवर इंग्रजी ऐकले ते अशा मार्गाने. आपल्या वर्गात हे अगदी साधेपणाने करता येईल. गावच्या ओढ्यावर किंवा कचऱ्याच्या ढिगावर सहा-सात सोपी इंग्रजी वाक्ये शिक्षकांनी स्वतः लिहावीत, त्यांत नवे शब्द चारच. पुस्तके मिटवून एकदा नुसते ऐकावे आणि कशाविषयी आहे ते मुलांनी मराठीत सांगावे. दुसऱ्या वेळी नवा शब्द आला की हात वर करावा. तिसऱ्या वेळी तो ऐकू आला तसा देवनागरीत लिहावा. काही इंग्रजी शिक्षकांना हे पटणार नाही, पण आपली लिपी आवाज टिपण्याचे इतके चांगले साधन असताना ते का वापरू नये? स्पेलिंग सर्वांत शेवटी.

यात एक खुबी देवनागरीतही उतरत नाही, ती आघाताची. 'इकॉलॉजी'मध्ये जोर 'कॉ'वर पडतो; 'इकोलॉजिकल' म्हणताना तो 'लॉ'वर सरकतो. जोर नसलेले स्वर मिणमिणते होतात. 'क्लायमेट'चा शेवट 'मेट' असा ठसठशीत ऐकू येत नाही. हे सांगून कळत नाही, कानानेच उमजते.

"आमचेच उच्चार चुकत असतील तर?" असे एका शिक्षकमित्राने मला विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे. लंडनचा उच्चार कुणालाच नको आहे. स्वच्छ भारतीय उच्चार पुरे. शंका आली तर उच्चार दाखविणारा कोश उघडावा. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकवावे, म्हणजे मुलांचा कान एकाच आवाजाला चिकटून राहणार नाही. मला स्वतःला 'एन्व्हायरन्मेंट'मधला 'न' तिशी उलटल्यावर सापडला, हे येथे कबूल करतो.

परीक्षेत ऐकण्याला गुण किती, हा प्रश्नही येईलच. फारसे नाहीत. पण आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे काढल्याने लेखी गुण कमी होतील असे मला वाटत नाही. ज्या शिक्षकांनी हे करून पाहिले असेल त्यांनी आपला अनुभव या मासिकाकडे जरूर कळवावा. आणि विद्यार्थ्यांनो, ऐकण्यात चुकलेल्या शब्दांची यादी तुम्ही वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा आणि महिनाभराने आम्हांला पाठवा. शब्दापुढे आपला बाक कितवा तेही लिहा. माझ्या यादीत सध्या दोनच नोंदी आहेत: 'डाउट', चौथा बाक, आणि 'वॉर्निंग', सातवा.