जुन्या जीपचें निदान

वैद्यानें नाडी पाहिल्यावांचून मात्रा देऊं नये, हाच नियम जुन्या जीपलाही लागू आहे. १९४१ सालीं निघूं लागलेल्या विलिस जीपच्या पुढच्या व मागच्या आंसांमध्यें डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढचीं चाकें अधिक अंतर कापतात. चिखलांत तीं घसरून हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र शाफ्टला पीळ बसतो आणि चार चाकांचा दांडा अडकतो. तेव्हां गिअरपेटी उघडण्यापूर्वीं गाडी थोडी सरळ मागें घ्यावी. बहुधा दांडा मोकळा होतो. गाडी सुटतांना ‘खट्’ असा आवाज आल्यास इंजिन बंद करून, चाकांस दगड लावून शाफ्ट हातानें पिळून पाहावा. सांध्याची एकच बाजू हलल्यास क्रॉस झिजला असें समजावें. तो बदलण्यास मात्र विलंब नको. चालत्या गाडींत तुटल्यास प्राणांशीं गांठ आहे!