मूर्ती लहान, पण...

‘कृमी’ म्हटले की आपण सुशिक्षित माणसे नाक मुरडतो. कोणाला हिणवायचे झाले, तर त्याला खुशाल कृमिकीटकांच्या पंक्तीला बसवतो. पण वाचकहो, ज्या तेलात आपल्या चकल्या तळल्या गेल्या, त्या तेलाची राखण करणाराही एक कृमी आहे!

अकोला-पूर्णा लोहमार्गावर वाशीम जिल्ह्यात जऊळका हे गाव लागते. हा सारा मुलूख सोयाबीनचा आणि तुरीचा. सोयाबीन काय, भुईमूग काय, ऊस काय, या सर्वांची एक छुपी वैरीण म्हणजे हुमणी. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात. माद्या मातीत अंडी घालतात आणि त्यांतून निघालेल्या पांढऱ्या अळ्या पिकाची मुळे कुरतडतात. रोप का वाळले, हे वरून पाहणाऱ्याला उमगत नाही.

या अळीला गाठतो तो अर्ध्या मिलिमीटरएवढा सूत्रकृमी. तो तिच्या तोंडावाटे किंवा श्वसनरंध्रातून आत शिरतो आणि पोटात बाळगलेले जिवाणू तेथे सोडतो. एकदोन दिवसांत अळी मरते. तिच्याच देहावर कृमींची नवी पिढी पोसली जाते आणि हजारोंच्या संख्येने पुढच्या शिकारीस निघते. माणसाला वा गांडुळाला त्याचा उपद्रव नाही.

न्यू जर्सीत असा कृमी १९२९ च्या सुमारास आढळला. आपल्याकडे कोइमतूरला उसाच्या किडीत सापडलेल्या कृमीचे १९९२ साली बारसे झाले: ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने हुमणीसाठी त्याची पाण्यात कालवायची पूडही बनवली.

मात्र पाहुणा नाजूक आहे. त्याला ऊन सोसत नाही, कोरडी माती चालत नाही. ओल असताना, दिवस कलल्यावरच त्याला शेतात सोडावे लागते. शिवाय सगळेच सूत्रकृमी सज्जन नसतात. काही मुळांवर गाठी आणतात. पारख हवीच.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी कपाशीच्या पानांवरची. तेथे हा कृमी कामाचा नाही. पण जमिनीत ओतायचे विष तरी तो कमी करू शकतो. जऊळक्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या हाताला तेवढे विष कमी लागले, तर या क्षुद्र जीवाला आपण मानाचा पाट द्यायला काय हरकत आहे?