फक्त ३३ मिनिटांचा रॅप अल्बम. केसीम रायन यांना तो परवडला कसा?

मे २०२० मध्ये ‘डिसेंडंट्स ऑफ केन’ हा हिपहॉप अल्बम आला. ११ गाणी, वेळ जेमतेम ३३ मिनिटं. बऱ्याच ठिकाणी ड्रमचा ठोकाही नाही. फक्त दबका, संथ आवाज आणि शब्द. हा अल्बम करणारे केसीम रायन ‘का’ या नावाने रॅप करायचे आणि न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन होते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

अल्बममध्ये काय आहे?

बायबलमधल्या कथेत केन आपल्या सख्ख्या भावाचा, एबलचा खून करतो. रायन ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल या गरीब वस्तीत वाढले. तिथे एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं म्हणजे केनचे वंशज, असं हा अल्बम मांडतो. ओळीओळीत दुहेरी अर्थ असल्याने एकदा ऐकून भागत नाही. ठोका कमी असल्यामुळे शब्द झाकलेही जात नाहीत.

मग तोटा कुठे होतो?

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ‘स्ट्रीम’ धरला जातो. गाणं दोन मिनिटांचं असो वा सहा, लक्ष देऊन ऐकलेलं असो वा मागे नुसतं वाजत असो, मोजणी एकच. त्यामुळे जास्त गाण्यांचा अल्बम फायद्याचा ठरतो. २०२४ पासून तर १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला तिथे मानधनच मिळत नाही.

रायन यांनी काय केलं?

स्वतःच्या ‘आयर्न वर्क्स’ लेबलवर अल्बम काढले, वेबसाइटवरून विकले, कधी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातोहात दिले. पाठीशी पगार होता, म्हणून गाणी खपावीत यासाठी ती बदलण्याची वेळ आली नाही.

पण नोकरीमुळे अडचणही झाली. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने अग्निशमन दलाचा हा कॅप्टन पोलिसविरोधी रॅप करतो, अशी बातमी छापली. अनेक संगीतकार तेव्हा त्यांच्या बाजूने बोलले.

मुद्दा काय?

रायन यांचं कौतुक ‘स्वतंत्र कलाकार’ म्हणून होतं आणि ते योग्यच आहे. पण त्या स्वातंत्र्याचा खर्च संगीताच्या बाजाराने उचलला नाही, तो आग विझवण्याच्या नोकरीने उचलला. तितक्याच ताकदीने लिहिणाऱ्या, पण असा पगार नसलेल्या रॅपरने काय करायचं, याचं उत्तर स्ट्रीमिंगच्या हिशेबात अजून तरी नाही.