काळ्या मातीची परीक्षा

खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख यांचा दाखला आपण संत मत्तयच्या शुभवर्तमानातून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इंदूरकरांची गाठ मात्र तिसऱ्याच भूमीशी पडते; ती म्हणजे माळव्याची काळी माती. आयुष्याची पुंजी घालून हिच्यावर उभारलेले घर पुराने वाहून जात नाही. काही पावसाळे गेले की ते दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरपे तडकू लागते, आणि दोष बिचाऱ्या गवंड्याच्या माथी बसतो.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेले की ती आकसते व शेतांत खोल भेगा पडतात. अर्थात, हीच माती पावसाचा ओलावा धरून ठेवते, म्हणून हिवाळ्यात माळव्याचा गहू पिकतो!

ती किती फुगेल हे मोजण्याची रीत भारतीय मानकाने १९७७ साली ठरवून दिली आहे. भट्टीत वाळवून बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्यावयाची आणि १०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या मापनपात्रांत घालावयाची. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढावयाची व पात्रे किमान २४ तास स्थिर ठेवावयाची. रॉकेलाने माती फुगत नाही, म्हणून तिचे मूळ आकारमान तेथे कळते. समजा, रॉकेलात ती १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसली व पाण्यात १८ च्या, तर फुगण्याचे प्रमाण ८० टक्के झाले. ५० च्या खाली चिंता थोडी. १०० च्या वर माती फार फुगणारी समजावी.

चौकटीचे लाकूड निवडताना आपण महिनाभर घोळ घालतो; मातीसाठी मात्र एक दिवस थांबणे जिवावर येते!

माती वाईट निघाली तरी जागा सोडावी लागत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा भूमीसाठी तळाशी कंदासारखे फुगीर असे काँक्रीटचे खांब प्रचारात आणले. ते सामान्यतः साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तेथे ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा फारसा पोहोचत नाही. परीक्षेसाठी द्यावयाची मातीही अंगणातली वरची खरवडून देऊ नये; पाया जेथे बसावयाचा, त्या खोलीवरची द्यावी.