दानावर नव्हे, हक्काच्या निधीवर

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला १९०५ साली बसली आणि १९११ साली ते सुरू झाले. त्यासाठी अवधच्या तालुकदारांनी मोठ्या देणग्या दिल्या. इतिहासात ते दाते ठरले. परंतु तो पैसा कुळांकडून वसूल केलेल्या खंडातून आला होता, याची नोंद देणगीदारांच्या याद्यांत होत नसते.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी लखनौलगतच्या रायबरेली जिल्ह्यात, ऊंचाहारच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरचा स्फोट झाला. तीसहून अधिक जीव गेले. भाजलेल्या कामगारांना उपचारासाठी लखनौला आणावे लागले. डॉक्टर व परिचारिकांनी शर्थ केली. परंतु जळालेल्या देहावर उपचार करणे वेगळे आणि देह जळूच नये म्हणून आधी शोध घेणे वेगळे. हा दुसरा शोध कोणाच्या पैशाने व्हावयाचा, हाच खरा प्रश्न आहे.

सरकारचे उत्तर तयार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले; २०१९ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनास दिलेली देणगीही त्यात धरली जाते. म्हणजे ज्यांच्या यंत्रांखाली कामगार चिरडले जातात, त्यांच्याच मर्जीवर अपघात-प्रतिबंधाचे संशोधन सोपविले गेले! असा दाता हेल्मेटच्या अभ्यासाला आनंदाने पैसे देईल. परंतु कंत्राटी पद्धत, वाढीव पाळ्या आणि उत्पादनाची घाई यांचा अभ्यास तो कशाला पोसेल?

देणगी मुळातच त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. दिल्लीच्या आयआयटीत व्होल्वोच्या नावाच्या अध्यासनावर काम करणारे दिनेश मोहन २०२१ साली निवर्तले. मोटारकंपनीचे नाव असलेल्या या आसनावरूनही त्यांनी पादचारी, सायकलस्वार आणि बसप्रवासी यांचीच बाजू मांडली. परंतु त्यांच्या पाठीशी सार्वजनिक पैशाने उभी असलेली संस्था होती, हे विसरता येणार नाही. खुद्द लखनौत १९६५ साली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र उभे राहिले, तेही सरकारी निधीतूनच. पाया सार्वजनिक असेल तर देणगी मदत ठरते. देणगीच पाया झाली तर संशोधक मिंधा होतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. सर्वाधिक बळी उत्तर प्रदेशात गेले. एवढा संहार दात्यांच्या औदार्यावर सोडता येत नाही.

म्हणून कामगार संघटनांनी तीन मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. धोकादायक उद्योगांवर कायद्याने उपकर बसवावा व तो विद्यापीठांतील अपघात-प्रतिबंध संशोधनासाठी राखून ठेवावा. संशोधनाचे विषय ठरविणाऱ्या समित्यांवर कामगारांचे निर्वाचित प्रतिनिधी असावेत. निष्कर्ष मालकाच्या परवानगीवाचून प्रसिद्ध व्हावेत. कामगाराचा जीव ही दयेची बाब नाही. तो त्याचा हक्क आहे.