इच्छामरण, पण कोणाच्या इच्छेने?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला इच्छामरणाचा हक्क असावा काय, हा प्रश्न सुखवस्तू मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातला आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीशी त्याचा संबंध काय, असे आपल्यातील काही साथी म्हणतात. हे म्हणणे चुकीचे आहे. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लक्ष माणसे, म्हणजे शंभरात सात-साडेसात, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. स्त्रियांत व ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. ही माणसे दिवाणखान्यात बसलेली नाहीत. तळोज्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेला कामगार, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी वाहिलेला माथाडी, सिडकोला जमीन देऊन साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाट पाहता पाहता म्हातारा झालेला शेतकरी, यांच्याही घरांत हा आजार येतो. हा प्रश्न त्यांचाही आहे.

आपल्या परंपरेला तो नवाही नाही. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा करणाऱ्यांत युसूफ मेहेरअली होते, तसेच मिनू मसानीही होते. मेहेरअलींचे नाव आज पनवेल तालुक्यात तारा येथील केंद्राने राखले आहे. मसानी समाजवादापासून दूर गेले, स्वतंत्र पक्षाचे पुढारी झाले, आणि १९८१ साली त्यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. त्यांचे अर्थकारण आपण नाकारले. पण म्हणून त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. १९८५ साली समाजवादी प्रा. सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्र विधान परिषदेत याच विषयावर विधेयक मांडले, ते उगाच नव्हे. असाध्य रोगाने मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या देहावर त्याच्या मर्जीविरुद्ध यंत्रे चालवीत राहणे हा धर्म नव्हे, ही जुलूमजबरदस्ती आहे, ही भूमिका आपली आहे व ती आपण सोडता कामा नये.

कायदा आज कोठे उभा आहे? २०११ साली अरुणा शानभाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबविण्याची वाट प्रथम मोकळी केली. २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि शुद्धीवर असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्यावर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३ साली ती अट काढून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरविला. अशा इच्छापत्रांचा सांभाळ करण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांतून अधिकारी नेमल्याचे राज्य शासनाने २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयास सांगितले. मात्र हे सारे उपचार नाकारण्यापुरते आहे. प्राण घेणारे इंजेक्शन देण्याची मुभा या निकालांनी कोणालाही दिलेली नाही.

स्मृतिभ्रंशाचा पेच याच सीमारेषेवर उभा राहतो. हा रोगी वर्षानुवर्षे मरणपंथाला लागलेला नसतो. तो चालतो, जेवतो, हसतो, रडतो. फक्त मुलाचे नाव विसरतो, स्वतःचे घर विसरतो. इच्छापत्राचा अंमल सुरू होण्याची अवस्था येईपर्यंत त्याची निर्णयशक्ती कधीच संपलेली असते. १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न व औषध नाकारून देह ठेवला. तो नकार त्यांचा स्वतःचा होता. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला असा नकार उच्चारता येत नाही. म्हणून काही जण म्हणतात की, 'मुलांना ओळखेनासा झालो की मला मारून टाका', असे आधीच लिहून दिलेले असेल तर ते पाळण्याची सोय कायद्याने करावी.

नेदरलँडमध्ये २००२ च्या कायद्याने अशी सोय आहे. तेथे २०१६ साली चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंना त्यांच्या जुन्या लेखी इच्छेवरून मरण देण्यात आले. डॉक्टरने त्यांच्या कॉफीत गुंगीचे औषध घातले होते. इंजेक्शनाच्या वेळी त्या उठू लागल्या, तेव्हा नातलगांनी त्यांना धरून ठेवले. पुढे न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष ठरविले आणि २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कायदा पाळला गेला असेल. पण उठू पाहणारी ती बाई कोण होती? इच्छा लिहिणारी खरी आणि उठू पाहणारी खोटी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? माझे उत्तर स्पष्ट आहे. आधी लिहिलेला शब्द माझ्यावर कोणते उपचार करू नयेत हे सांगण्यास बांधील मानावा. मला मारण्याचा परवाना म्हणून तो मानू नये. नळीने अन्न घालू नका, यंत्रावर ठेवू नका, हे लिहिण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. अखेरच्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते वा सुख मिळते असा पुरावा नाही, हाताने हळूहळू भरवणेच बरे, असे वृद्धांचे वैद्यकही सांगते. पण घास पुढे करताच जो माणूस तोंड उघडतो, त्याला घास मिळालाच पाहिजे, मग त्याने दहा वर्षांपूर्वी काहीही लिहिलेले असो.

या भूमिकेची किंमत मी लपवीत नाही. आपण ओळखूही येणार नाही असे जिणे ज्यांना मनापासून नको आहे, त्या काहींवर यामुळे अन्याय होईल. तरीही ती किंमत आज मोजली पाहिजे असे मला वाटते, आणि त्याचे कारण पनवेलच्या मातीत दिसते. १९७० पासून या तालुक्यातील जमिनी नव्या मुंबईसाठी गेल्या. १९८४ साली जासईच्या परिसरात याच जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. त्या लढ्याने मिळालेल्या भूखंडांना आज, विमानतळ सुरू झाल्यावर, सोन्याचा भाव आहे. समजा, एका वृद्धेचा अंगठा कोट्यवधींच्या कुलमुखत्यारपत्रावर हवा आहे आणि तिला काल काय घडले ते आठवत नाही. अशा घरात मरणाच्या कागदावरचा अंगठाही मोकळ्या मनाने उठलेला असेल याची हमी कोण देईल? आणि जिच्यापाशी भूखंड नाही, त्या म्हातारीवर वेगळा दाब असतो. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनात ऐंशी वर्षांखालील माणसासाठी केंद्राचा वाटा महिना अवघा दोनशे रुपयांचा. दिवसभर कामाला जाणारी सून, एका खोलीचे घर, रात्री दार उघडून बाहेर पडणारी सासू. 'मी तुम्हाला ओझे झाले, मला सोडवा', असे ती म्हणेल. ती इच्छा तिची नसेल. रिकाम्या घराची आणि रिकाम्या तिजोरीची असेल. भुकेल्याने कमी मजुरीला दिलेली संमती आपण स्वातंत्र्य मानीत नाही. मग ही संमती का मानावी?

पण जीवन पवित्र आहे असे सांगत दयामरणाला विरोध करणाऱ्या प्रतिष्ठितांच्या रांगेतही आपल्याला बसायचे नाही. त्यांचे पावित्र्य सुनेच्या हातांनी चालते. आईची विष्ठा कोणी काढावयाची, रात्र कोणी जागवायची, याचा त्यांच्या प्रवचनांत उल्लेख नसतो. अरुणा शानभाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, केईएममधील परिचारिकांनी जपले. अरुणा यांची स्वतःची इच्छा काय असती, हे कोणालाच कधी कळले नाही. त्या बेचाळीस वर्षांचा गौरव करताना ही टोचणी आपण ठेवलीच पाहिजे. परंतु त्या शुश्रूषेमागे महापालिकेचे रुग्णालय होते, पगारी, प्रशिक्षित नोकरवर्ग होता, पाळ्या होत्या, ही गोष्ट कोणी सांगत नाही. संगोपन ही समाजाची जबाबदारी झाली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे. केरळने २००८ सालीच उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिका उभ्या केल्या. महाराष्ट्राला ते अशक्य का असावे?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले, उपचार नाकारण्याचा जो हक्क न्यायालयाने दिला आहे, तो कामगारवस्तीत पोहोचविणे. पनवेलला २०१६ पासून महानगरपालिका आहे. इच्छापत्र कोणत्या टेबलावर द्यावयाचे, हे तिच्या दारावर मराठीत लिहिलेले असले पाहिजे, आणि नोटरीचा खर्च गरिबाच्या माथी पडता कामा नये. दुसरे काम अधिक मोठे आहे: प्रत्येक प्रभागात वृद्धांसाठी दिवसाचे पाळणाघर, घरी येणारी परिचारिका, आणि जी बाई नोकरी सोडून घरी शुश्रूषा करते तिला वेतन. या मागण्या अंदाजपत्रकात उतरतील तेव्हा त्या म्हातारीला पुन्हा विचारा, तुझी इच्छा काय. त्या दिवशी ती जे सांगेल त्यावर नवा कायदा करण्याचा विचार आपण अवश्य करू. तोवर मरणाची सोय स्वस्त आणि जगण्याची सोय महाग, अशा व्यवस्थेत मरणाला हक्क म्हणणे ही गरिबाची थट्टा आहे.